ऑपरेशननंतरचं ताट : वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत लठ्ठपणाच्या ऑपरेशनबद्दलची पत्रं इतकी होती की हे पान त्यांनाच देते आहे. मी इंदूरमध्ये आहारतज्ज्ञ आहे आणि बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्यांचं खाणंपिणं हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. पत्रं थोडक्यात करून छापली आहेत आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे.

ताई, नमस्कार. माझं वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर. चार वर्षांपूर्वी स्लीव्हचं ऑपरेशन झालं तेव्हा वजन ११८ किलो होतं. दीड वर्षात मी ७४ वर आले. शुगरची गोळी सुटली, जिना चढताना लागणारी धाप थांबली. आता काटा ८६ दाखवतो. जेवण म्हणाल तर एक पोळी, थोडी भाजी, दोन चमचे भात. त्याहून जास्त जातच नाही. सकाळी अर्धी प्लेट पोहे, ऑफिसात चहाबरोबर थोडंफार काहीतरी, रात्री मुलांबरोबर सराफ्यातल्या खाऊबाजारात गेले तर शिकंजीचे चार घोट. एवढ्यावर वजन कसं वाढतं? घरचे म्हणतात, एवढा पैसा घातला आणि होतीस तशी झालीस. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांकडे दोन वर्षं गेले नाही. आता कोणत्या तोंडाने जाऊ?
— सुदामानगर, इंदूर

ताई, आधी एक हिशेब करू, कारण तुमच्या घरात तो कुणी केलेला दिसत नाही. ११८ वरून ८६ म्हणजे आजही तुम्ही ३२ किलोंनी हलक्या आहात. मूळ वजनाच्या सत्तावीस टक्के. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा ऑपरेशन झालेल्या सुमारे दोन हजार लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यांचंही वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली गेलं, मग थोडं वर आलं, आणि वीस वर्षांनंतर ते मूळ वजनापेक्षा सरासरी अठरा टक्के कमी होतं. तेव्हाची ऑपरेशनं आजच्यापेक्षा वेगळी होती, पण वजनाची चाल हीच. तेव्हा ‘होतीस तशी झालीस’ हे वाक्य साफ खोटं आहे. ते तुम्ही स्वतःलाही म्हणू नका.

तरीही कमी झालेल्या ४४ किलोंपैकी १२ परत आले, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. तीन-चार किलो असते तर मी तुम्हाला शांत बसायला सांगितलं असतं, कारण तेवढं जवळजवळ सगळ्यांचंच वाढतं. बारा किलो वाढल्यावर मात्र कारण शोधावं लागतं, आणि आत्ताच शोधावं लागतं.

तुमच्या शरीरात काय झालं ते सांगते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी ठेवतात. काढलेल्या फुगीर भागातच घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन मुख्यत्वे तयार होतं. म्हणून पहिलं वर्ष भूक मेल्यासारखी वाटते, ताटाकडे बघावंसंही वाटत नाही. लोकांना वाटतं की आता हे कायमचं. पण शरीर गेलेलं वजन परत मिळवायला बघतं. हलक्या झालेल्या शरीराला बसल्याजागी लागणारी ऊर्जा कमी होते, भूक हळूहळू परत येते, नळीही थोडी सैल पडते. यात तुमच्या मनोनिग्रहाचा दोष नाही. लठ्ठपणा हा दीर्घकाळचा आजार आहे आणि त्याची लक्षणं परत डोकं वर काढतात.

आता तुमच्या पत्रातलं खाणं. तुम्ही जेवणाचा हिशेब अगदी चोख दिलात, पोळी एक, भात दोन चमचे, आणि बाकीचं ‘थोडंफार काहीतरी’ म्हणून उरकलंत. माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक इंदूरकरांच्या वहीत त्या ‘काहीतरी’चं नाव शेव असतं. लौंगवाली, रतलामी, पोह्यांवर, वरणावर, नुसती चहाबरोबर. शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. लहानशी मूठभर शेव म्हणजे तीस ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन फुलके. चहाच्या घोटाबरोबर तिचा लगदा होतो आणि तो त्या अरुंद नळीतून सरकन खाली निघून जातो. नळी ताणली जात नाही, पोट भरल्याची जाणीव होत नाही, आणि अर्ध्या तासाने पुन्हा मूठ भरता येते. एक पोळीच्या वर जेवण जात नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे. ऑपरेशन अजूनही आपलं काम करतंय. पण ते फक्त घट्ट, सावकाश खाल्लेल्या अन्नाला अडवतं. शेव, बिस्किट, खारी, चिवडा, आइस्क्रीम, शिकंजी यांना ते अडवू शकत नाही. वजन परत येतं ते बहुतेक वेळा याच वाटेने, दिवसभर येता-जाता तोंडात टाकण्यातून. ऑपरेशननंतर ताटभर जेवून पुन्हा जाड झालेला माणूस मला क्वचितच भेटलाय.

आपल्याकडची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नाही, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आटवलेलं दूध, साखर, केशर, सुकामेवा असं ते घट्ट प्रकरण असतं, आणि चार घोटांत जेवणाएवढी ऊर्जा आत जाते. प्यायलेला पदार्थ ऑपरेशन झालेल्या जठरात थांबतच नाही. म्हणून माझा पहिला सल्ला हा की साखर आणि मलई असलेलं काहीही पिऊ नका. सराफ्यात जाऊ नका असं मी कुणालाच सांगत नाही. रात्री सोन्याची दुकानं बंद झाल्यावर मुलांबरोबर तिथे हिंडणं हे आपल्या गावाचं सुख आहे, आणि ते हिरावून घेणारा आहार महिनाभरही टिकत नाही. घरून प्रथिनाचं जेवण करून जा. मग तिथे जो पदार्थ खरोखर आवडतो, भुट्ट्याचा कीस असो की थंडीतला गराडू, म्हणजे तळलेला कंद, त्याचे दोन घास नीट चावून खा आणि द्रोण मुलांच्या हातात द्या.

प्रथिनांचं काय? ऑपरेशननंतर दिवसाला किमान साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या पत्रातल्या खाण्यात मला तीस ग्रॅमही दिसत नाहीत. आपल्या मराठी घरांत ‘वरण असतं की रोज’ हे उत्तर ठरलेलं. पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते किती? घट्ट वरणाच्या वाटीतून सहा-सात ग्रॅम मिळतात, पातळ वरणातून त्याच्या निम्मेही नाहीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा, कपभर दुधात सहा-सात, सोयाबीनच्या तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत पंधरा. अंडं चालत नसेल तर पनीर, सोया, मुगाचे धिरडे, बांधून ठेवलेल्या दह्याचा बिनसाखरेचा चक्का, भाजलेले चणे यांची सांगड घालावी लागते, आणि तरी कमी पडलं तर डॉक्टरांना विचारून प्रोटीन पावडर. ताटात क्रम बदला. आधी प्रथिन, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी. भात शेवटी. पोहे खायचेच असतील तर आधी एक मुगाचं धिरडं खाऊन मग दोन-तीन चमचे पोहे घ्या, वरून जीरावन मसाला चालेल, शेव नको.

जेवताना पाणी पिऊ नका. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास थांबा. पाण्याबरोबर अन्न लवकर खाली उतरतं आणि पोट भरल्याची जाणीव विझते. बाकी दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी घोट-घोट जायलाच हवं. जेवायला वीस ते तीस मिनिटं लागू द्या, मोबाइल आणि टीव्हीशिवाय.

व्यायामाचं विचारलं नाहीत, तरी लिहिते. रोज सकाळी नेहरू पार्कात किंवा तुमच्या कॉलनीच्या बागेत चाला, पण नुसतं चालणं पुरणार नाही. झपाट्याने वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की शरीराचा रोजचा खर्च आणखी घटतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंवर जोर येईल असा व्यायाम हवा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, रबरी पट्टा ओढणं, एवढ्यापासूनही सुरुवात होते.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा आहे. दोन वर्षं तुम्ही डॉक्टरांकडे गेला नाहीत. वजन वाढलेली माणसं नेमकी तेव्हाच यायची थांबतात, जेव्हा त्यांनी यायला हवं. मला याचं फार वाईट वाटतं. ब्लडप्रेशर पुन्हा वाढलं म्हणून कुणी तोंड लपवत नाही, मग वजनाचीच लाज का? तुमच्या वयात पाळी जाण्याच्या आसपासचे बदल असू शकतात. थायरॉइड बघावा लागेल. मधल्या काळात स्टिरॉइड, नैराश्यावरची काही औषधं किंवा इन्सुलिन सुरू झालं असेल तर त्यानेही वजन वाढतं. झोप पुरेशी होते का, रात्री घोरणं परत सुरू झालंय का, हे विचारलं जाईल. गरज पडली तर एंडोस्कोपी करून नळीची अवस्था बघतात. हे सगळं पाहूनही वजन हलत नसेल तर आज औषधं आहेत. सेमाग्लुटाइड आणि टिरझेपेटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं वजनासाठी भारतात २०२५ पासून मिळतात आणि ऑपरेशननंतर परत वाढलेल्या वजनासाठीही डॉक्टर ती विचारपूर्वक देतात. काही जणांना दुसरं ऑपरेशन लागतं, पण त्याआधी बरंच काही करून बघता येतं. शिवाय सुटलेली गोळी म्हणजे मधुमेह गेला असं नव्हे. वजनाबरोबर शुगरही परत येऊ शकते. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, तपासून घ्या आणि त्याबरोबर बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शिअम. दोन वर्षं न तपासलेलं बरंच काही असेल.

जाताना आठवड्याची खरी वही घेऊन जा. तोंडात गेलेलं प्रत्येक ‘थोडंसं’ लिहिलेली. डॉक्टर रागावले तर? एखादे रागावतीलही. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, पण जा. आणि घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या. पोळी मोजणारं माणूस त्यांच्या घरात आहेच, त्यांनी शेवेचा डबा समोरून उचलून कपाटात ठेवला तर त्याची खरी मदत होईल.

माझ्या पत्नीचं वजनाचं बायपास ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. वजन छान उतरलंय. पण पाडव्याला दोन-तीन चमचे श्रीखंड खाल्लं आणि पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात कळ आली, ती आडवीच झाली. ईसीजी ठीक निघाला. थंडीत तिळाची गजक खाल्ली तेव्हाही असंच झालं होतं. अलीकडे नाश्ता झाल्यावर दोनेक तासांनी तिचे हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर खाल्ली की बरं वाटतं, मग पुन्हा तेच.
— लष्कर, ग्वाल्हेर

तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलं आहे की दोन वेगळ्या गोष्टी स्पष्ट दिसतात. बायपासमध्ये जठराची जेमतेम तीस मिलिलिटरची पिशवी उरते आणि ती थेट लहान आतड्याला जोडलेली असते. श्रीखंड, गजक, जिलबी असं दाट गोड त्या आतड्यात एकदम उतरलं की तिथे पाणी ओढलं जातं, हार्मोन उसळतात, आणि धडधड, घाम, कळा, जुलाब असं सगळं दहा ते तीस मिनिटांत होतं. याला डम्पिंग म्हणतात. हे हृदयाचं दुखणं नव्हतं, तरी ईसीजी काढलात ते उत्तम केलंत.

दोन तासांनी होणारी थरथर वेगळी. पटकन शोषल्या गेलेल्या पिठूळ-गोड अन्नाला उत्तर म्हणून शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर खाली जाते. ही तक्रार बहुधा ऑपरेशननंतर वर्ष उलटल्यावरच सुरू होते. नाश्त्याला काय असतं ते तुम्ही लिहिलं नाही. पोहे, उपमा, ब्रेड, गोड चहा यांपैकी असेल तर तिथूनच बदल करा. सकाळी प्रथिन आधी, चहात साखर नाही, आणि थोडं-थोडं दिवसातून पाच-सहा वेळा, ठरल्या वेळी. थरथर झाली की आधी ग्लुकोमीटरवर साखर मोजा आणि आकडा वेळेसह लिहून ठेवा. सत्तरच्या खाली असेल तर थोडं साखरेचं पाणी द्या आणि लगेच पाठोपाठ मूठभर दाणे किंवा पनीर. नुसती साखर खाल्ली की इन्सुलिन पुन्हा उसळतं. तुम्ही जे ‘पुन्हा तेच’ लिहिलंत ते चक्र असं चालतं. ती नोंद घेऊन सर्जनना किंवा हार्मोनच्या डॉक्टरांना भेटा, यावर औषधं आहेत. बोलणं असंबद्ध झालं, शुद्ध हरपली, तर घरी उपाय करत बसू नका. हे आटोक्यात येईपर्यंत त्यांनी एकटीने स्कूटर चालवू नये.

जाता जाता, बायपास झालेल्या सगळ्यांसाठीच. डोकं किंवा गुडघे दुखले म्हणून औषधाच्या दुकानातून इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या आणून घेऊ नका. जठर आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होतो. तंबाखू आणि सिगारेटनेही होतो. आणि दारू बायपासनंतर फार लवकर आणि फार जास्त चढते. ऑपरेशननंतर काही वर्षांनी व्यसन लागलेली माणसं आहेत, ज्यांना आधी कधी ते नव्हतं. घरच्यांनी याकडे लक्ष ठेवावं.

वडील ६१ वर्षांचे, स्लीव्ह होऊन अडीच महिने झाले. गेले दोन-तीन आठवडे जे खातील ते उलटून पडतं. आता चालताना झोकांड्या जातात आणि दोन-दोन दिसतं म्हणतात. नातेवाईक म्हणतात अशक्तपणा आहे, ग्लुकोजचं सलाइन लावून घ्या. काय खायला द्यावं?
— इंदूर

हे पत्र ई-मेलने आलं. वाचल्याबरोबर मी मुलाला फोन केला आणि वडिलांना त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितलं. थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मिळाली, उलट्यांचं कारण सापडलं, दृष्टी सुधारली. चालणं अजून पूर्ण सावरलेलं नाही. त्यांच्या परवानगीने छापते आहे, कारण हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

थायमिनचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांपुरता असतो. सतत उलट्या होत असतील तर तो संपतो आणि मेंदू व नसांना इजा होऊ लागते. झोकांड्या, एकाचे दोन दिसणं, डोळ्यांची विचित्र हालचाल, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी थायमिनच्या आधी नुसतं ग्लुकोजचं सलाइन दिलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्चून जातं आणि नुकसान वाढतं. म्हणून जवळच्या दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली तर तोंड उघडून सांगा की वजनाचं ऑपरेशन झालं आहे, उलट्या इतके दिवस आहेत, आधी थायमिन द्या. उशीर झाला तर काही इजा कायमची राहते. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उलट्या टिकल्या तर काय खायला द्यावं हा प्रश्नच नाही, डॉक्टरांना दाखवणं एवढंच.

दोन वर्षांपूर्वी स्लीव्ह झाली. वय ५८. मी आयुष्यभर संकष्टी, एकादशी, हरतालिका आणि नवरात्र केलं आहे. सूनबाई म्हणतात आता उपास बंद. मला ते जमायचं नाही. मार्ग सांगा.
— लोकमान्यनगर, इंदूर

काकू, उपास बंद करायला मी सांगणार नाही. पण तो आपण ज्या पद्धतीने करतो ती बदलावी लागेल. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. तुपात परतलेली खिचडी, साबुदाणे वडा, बटाट्याचा चिवडा, रताळ्याच्या गोड फोडी यांत तुम्हाला लागणारं प्रथिन फारसं नसतं आणि ऊर्जा भरपूर असते. खिचडीतले शेंगदाणे तेवढे कामाचे. आणि इंदुरात उपासाची खिचडी इतकी चविष्ट मिळते की चमचाभरावर कुणी थांबत नाही, हे मी जाणते.

उपासाच्या दिवशी पानात आधी दही किंवा पनीर असू द्या. पनीर उपासाला चालतं की नाही यावर घराघरांत वाद आहेत. तुमच्या घरी चालत नसेल तर बांधलेलं दही आणि दूध. राजगिऱ्याची भाकरी किंवा धिरडं साबुदाण्यापेक्षा कितीतरी बरं, राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिन असतं. दाण्याच्या आमटीबरोबर चार चमचे भगर चालेल. राजगिऱ्याचा लाडू मात्र गुळाचा असतो, तो नको.

निर्जळी उपास करू नका, हरतालिकेचाही नाही. ऑपरेशन झालेलं जठर दुसऱ्या दिवशी एकदम पाणी घेऊ शकत नाही, दिवसाचं राहिलेलं भरून निघत नाही. चक्कर, मुतखडा, बद्धकोष्ठ मागे लागतं. नवरात्राचे नऊ दिवस सलग करण्याऐवजी उठता-बसता, म्हणजे घट बसताना आणि उठताना एकेक दिवस करा. तशीही पद्धत आपल्याकडे आहेच, आणि देवीला ती चालत आली आहे.

गोळ्यांना उपास नाही. कॅल्शिअम आणि लोह एकाच वेळी घेऊ नका, मध्ये दोन तास ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा पिऊ नका. कॅल्शिअम सायट्रेट रूपातलं असेल तर बरं, त्याला जठरातल्या आम्लाची फारशी गरज लागत नाही. या गोळ्या जन्मभराच्या आहेत. दोन वर्षं झाली, आता मी बरी आहे, असं म्हणून त्या सोडणाऱ्या फार बायका मी पाहिल्या आहेत आणि पुढे त्यांचं हिमोग्लोबिन सात-आठवर आलेलंही पाहिलं आहे. सूनबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची काळजी खरी आहे.

माझं वय २९. स्लीव्ह होऊन सात महिने झाले. पीसीओएस (बीजांडकोशाचा हार्मोनचा विकार) होतं, पाळी आता नियमित येते. केस मात्र ओंजळीने गळतात. आणि सासूबाईंना आता लगेच नातवंड हवं आहे.
— रामबाग, इंदूर

अगं, केसांचं आधी. वजन झपाट्याने उतरलं की तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास असे केस गळतात, आणि बहुधा वर्षभरात परत येतात. मुळं शाबूत असतात. प्रथिनं पूर्ण घे, लोह, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि झिंक तपासून घे. महागड्या तेलांवर पैसे घालवू नकोस. वर्ष उलटूनही गळती थांबली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखव.

बाळासाठी थांब. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, कारण या काळात तुझं वजन वेगाने उतरतंय आणि तुझ्याच शरीराला पोषण पुरत नाही, मग बाळाला कुठून पुरणार? पीसीओएस असलेल्या बायकांची पाळी वजन उतरल्यावर नियमित होते आणि दिवस अचानक राहतात, तेव्हा ‘मला कुठे एवढ्यात’ असं धरून चालू नकोस. गर्भनिरोधक कोणतं घ्यायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून आत्ताच ठरव. सासूबाईंना एकदा तुझ्याबरोबर तपासणीला घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात लवकर मानलं जातं.

पुढे वेळ येईल तेव्हा प्रयत्न सुरू करण्याआधी फोलिक अ‍ॅसिड किती घ्यायचं ते विचार. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व तपासून घे, आणि गरोदरपणात दर तीन महिन्यांनी पुन्हा. वजन किती वाढायला हवं हेही डॉक्टरांकडून ठरवून घे. गरोदरपणी वजन वाढलं की ऑपरेशन वाया गेलं असं वाटून काहीजणी खाणं तोडतात, तसं करू नकोस. आणि मधुमेहासाठी ग्लुकोज पिऊन जी तपासणी करतात तिच्याआधी ऑपरेशनचं नक्की सांग. ते पाणी पिऊन डम्पिंग होऊ शकतं, म्हणून अशा वेळी काही दिवस घरी ग्लुकोमीटरवर साखर मोजूनही काम भागवतात.